नातवंडाच्या हाती पहिले पुस्तक



नातवंड जन्माला आले की आपल्या वस्त्यांतल्या आजी-आजांच्या अंगात दहा हत्तींचे बळ येते. गुडघे दुखतात म्हणून स्टेशनचा पूल टाळणारी आजी इस्पितळाचे तीन मजले न थांबता चढून जाते. आजा पेन्शनीतून चांदीचे वाळे आणतो. जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली जातात, डिंकाचे लाडू वळले जातात, शेकशेगडीसाठी ओवा आणि बाळंतशोपा येतात. नाव काय ठेवायचे यावर घरात चार दिवस वाद झडतो. मग विहारात किंवा दारातल्या मांडवात त्रिशरण-पंचशील होऊन नामकरण विधी पार पडतो आणि आहेर येतात. झबली, टोपडी, खुळखुळे, हल्ली बॅटरीवर चालणारी मोटारसुद्धा. वांगणी, बदलापूर, अंबरनाथ भागात असे किती नामकरण विधी आम्ही पाहिले याची मोजदाद नाही. त्यात एकाही बाळाच्या आहेरात पुस्तक आल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

आता कोणी म्हणेल, दहा-बारा दिवसांच्या पोराला पुस्तक कशाला? ते काय वाचणार आहे? पोर पहिलीत जाईल तेव्हा शाळा पुस्तके देईलच. हा प्रश्न आम्हांला अनेकांनी विचारला. तो रास्त आहे, म्हणून आजचा मजकूर त्यालाच वाहिला आहे. विषय म्हटले तर छोटा, लहान मुलांची चित्रांची पुस्तके, आणि त्या पुस्तकांतून दिसणारी किंवा न दिसणारी आजी-आजाची माया.

सुरुवात धम्मापासून करू. आपल्या समाजात 1956 नंतर राहुल हे नाव घरोघर आले. पण या राहुलला एक आजा होता आणि त्या आजाच्या मायेमुळे संघाचा एक नियम बनला, हे किती घरांत सांगितले जाते? विनयपिटकातील महावग्गात ही हकीकत आहे. तथागत कपिलवस्तूला आले तेव्हा राहुलच्या आईने त्याला पित्याकडे वारसा मागायला पाठवले. पोर मागे मागे गेले. तथागतांनी सारिपुत्ताला सांगून त्याला प्रव्रज्या दिली. हे शुद्धोदनाला कळले तेव्हा तो म्हातारा राजा निग्रोधारामात आला. मुलगा घर सोडून गेला तेव्हा दुःख झाले, नंद गेला तेव्हा झाले, पण राहुल गेल्याचे दुःख सर्वांहून अधिक आहे, असे त्याने सांगितले. ही माया कातडे, मांस, स्नायू, हाड कापत थेट हाडाच्या मगजापर्यंत जाते, असे तो बोलला. त्याने मागितले एवढेच की, यापुढे आई-वडिलांच्या परवानगीवाचून कोणाच्या मुलाला प्रव्रज्या देऊ नये. तथागतांनी ते मानले आणि तसा नियम घालून दिला. आजही श्रामणेर शिबिरात मुलाला पाठवताना पालकांची संमती घेतली जाते, त्या रिवाजाच्या मुळाशी एका आजाचे रडणे आहे.

दुसरा म्हातारा असित ऋषी. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सुरुवातीलाच त्याला आणले आहे. तो आपल्या भाच्याला, नरदत्ताला घेऊन नवजात सिद्धार्थाला पाहायला येतो आणि बाळाकडे बघून रडतो. राजा घाबरतो. असित सांगतो की, बाळाला काही धोका नाही, मी माझ्यासाठी रडतो आहे. हे मूल मोठे होऊन काय करील ते पाहायला मी जिवंत नसेन. आमच्या मते जगातल्या प्रत्येक आजी-आजाच्या मनातली गोष्ट ती हीच. पहिल्यांदा नातवंड मांडीवर घेताना म्हाताऱ्या माणसाचे डोळे भरतात, ते आनंदाने भरतात हे खरे, पण त्यात हा हिशेबही असतो. याचे लग्न मी बघीन का? याची दहावी तरी बघीन का?

आणि विशाखा. एवढी मोठी उपासिका, दानशूर, पण आवडते नातवंड गेले तेव्हा ओल्या केसांनी, ओल्या वस्त्रांनी भर दुपारी तथागतांपुढे येऊन बसली. उदानात ही हकीकत आहे. तेव्हा आजी-आजाच्या मायेला आपल्या ग्रंथांत जागा नाही असे कोणी म्हणू नये. भरपूर जागा आहे.

हे सारे चित्रांतून सांगण्याची रीतही आपल्याच मुलखातली. अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यात एक चित्र आहे. भव्य तथागत भिक्षापात्र घेऊन उभे आहेत आणि त्यांच्यापुढे आई आणि लहानगा राहुल, मान वर करून बघत आहेत. पंधराशे वर्षांहून जुने ते चित्र. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांनी भिंतीवरची चित्रे पाहून जातककथा पोराबाळांना सांगितल्या असतील, आजीने नातवाला कडेवर घेऊन बोट दाखवले असेल. चित्रकथा ही आपल्याला परकी वस्तू नव्हे.

राहुल लहान असतानाच तथागतांनी त्याला खोटे न बोलण्याचा धडा दिला तोही वस्तू हाती घेऊन. पाय धुण्याच्या भांड्यात थोडे पाणी ठेवले, ते ओतून टाकले, भांडे पालथे केले, आणि दर वेळी विचारले, राहुल, हे पाहिलेस का? मग आरशाचा दाखला दिला, आरसा कशासाठी असतो? मुलाला आधी दाखवायचे, मग विचारायचे, मग सांगायचे. ही पद्धत पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून लक्षात ठेवावी.

आता आपल्या साहित्याकडे येऊ. दलित आत्मकथने ज्यांनी वाचली त्यांना ठाऊक आहे की त्यांतली कितीतरी पाने आजी-आजांनी भरलेली आहेत. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (1984) संतामाय आहे, आणि तिच्याबरोबर राहणारा दादा, जन्माने मुसलमान, एस.टी. स्टँडवर ओझी वाहणारा. त्या पोराशी त्याचे ना जातीचे नाते ना धर्माचे, तरी आजा कसा असावा हे त्याच्याकडून शिकावे. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (1986) वाचा, त्या आजोळी, वीरगावात वाढल्या आणि त्या आजोळाच्या आठवणींवरच सारे पुस्तक उभे आहे. त्याच वर्षी शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' पुस्तकरूपाने आले. नावातच चित्तरकथा आहे! पण ही सारी पुस्तके मोठ्यांची. यातली एकही आजी, एकही आजा लहान मुलांच्या रंगीत पुस्तकात शिरलेला आम्हांला आढळला नाही.

मुलांच्या बहुतेक पुस्तकांत जो आजोबा दिसतो तो आरामखुर्चीत बसून पेपर वाचतो. त्याच्या घराला बाग असते. आजी देवघरात असते किंवा लोणचे घालत असते. भाषांतरित पुस्तकांतला आजोबा नातवाला घेऊन गळ टाकून मासे धरायला जातो. आम्हांला या आजोबांविषयी राग नाही, ते सुखी राहोत. पण चाळीस वर्षे गिरणीत नाहीतर कारखान्यात काढून खोकणारा, दहा बाय बाराच्या खोलीत नातवाला पोटावर झोपवणारा, भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट करून "हे कोन? हे बाबासाहेब" असे शिकवणारा आजा पुस्तकात का नाही?

मराठीत चांगले काम झालेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर' या मालेतली माणसे खरीखुरी आहेत, आजी-आजोबा उपदेशाचे पुतळे नाहीत. त्यांना 2014 साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला तो योग्यच. आपल्या घरांतही ती पुस्तके जावीत. हैदराबादच्या 'अन्वेषी' या संस्थेने 2008 मध्ये दलित, मुसलमान, कष्टकरी घरांतल्या मुलांच्या गोष्टींची सचित्र माला काढली, तेलुगू, मल्याळम आणि इंग्रजीत. शेजारच्या राज्यात जे होते ते बाबासाहेबांच्या महाराष्ट्रात व्हायला काय हरकत आहे?

अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी हा प्रश्न आपल्याआधी सोसला. 1962 साली एझ्रा जॅक कीट्स नावाच्या चित्रकाराने 'द स्नोई डे' हे पुस्तक काढले. लाल कोट घातलेला एक काळा मुलगा बर्फात खेळतो, बस्स एवढीच गोष्ट. पण मोठ्या प्रकाशनाच्या रंगीत पुस्तकाचा नायक काळे पोर आहे, ही त्या काळी मोठीच घटना होती. पुढे 1990 साली रूडीन सिम्स बिशप या काळ्या विदुषीने लिहिले की, पुस्तके मुलांसाठी खिडकी असतात, तशीच ती आरसा असतात. खिडकीतून दुसऱ्यांचे जग दिसते, आरशात स्वतःचे. ज्या मुलाला पुस्तकात स्वतःचे रूप कधी दिसत नाही, ते काय समजायचे ते समजून जाते. 2015 मध्ये तिकडे 'लास्ट स्टॉप ऑन मार्केट स्ट्रीट' हे पुस्तक निघाले. त्यात एक काळी आजी नातवाला घेऊन बसने जाते. नातू कुरकुरतो, आपल्याकडे मोटार का नाही? आजी त्याला बसमधली माणसे दाखवते, गिटार वाजवणारा दाखवते, एका आंधळ्या प्रवाशाशी बोलायला लावते. शेवटी दोघे गोरगरिबांना जेवण वाढणाऱ्या ठिकाणी पोचतात. 2016 मध्ये या पुस्तकाला न्यूबेरी पदक मिळाले. आम्ही त्याची हकीकत वाचली तेव्हा वाटले, ही तर आपली कर्जत लोकल!

आता मूळ प्रश्न. तान्ह्याला पुस्तक कशाला?

याचे सर्वांत चांगले उत्तर न्यूझीलंडच्या एका आजीने दिले आहे. डोरोथी बटलर तिचे नाव. पुस्तकांचे दुकान चालवणारी बाई. 1971 च्या डिसेंबरात तिला नात झाली, कुश्ला. पोर जन्मतःच अनेक व्याधी घेऊन आले होते. हातांवर ताबा नव्हता, बोटांच्या टोकापलीकडचे नीट दिसत नव्हते, आजारपण पाठ सोडत नव्हते. रात्र रात्र झोप नाही. डॉक्टरांना वाटले, मूल मतिमंद आहे. चार महिन्यांचे असताना, त्या लांबलचक रात्री सरेनात म्हणून घरच्यांनी तिला मांडीवर धरून डोळ्यांशी चित्रांची पुस्तके नेऊन वाचून दाखवायला सुरुवात केली. पोर थांबून बघू लागले. मग दिवसरात्र पुस्तके. पोरीला स्वतःच्या हाताने वस्तू धरता येत नव्हती, तेव्हा जग तिच्याकडे पुस्तकांतून येत होते. तीन-साडेतीन वर्षांची झाली तेव्हा तपासणीत तिची बुद्धी सर्वसाधारण मुलांहून सरस निघाली. आजीने हे सारे तपशीलवार टिपून ठेवले होते. आधी विद्यापीठासाठी प्रबंध लिहिला, मग 1979 मध्ये 'कुश्ला अँड हर बुक्स' हे पुस्तक प्रसिद्ध झाले.

पुस्तकाने व्याधी बरी झाली असे कोणी समजू नये. ती जन्मजात होती, तशीच राहिली. पण आजीने आणि आई-बापांनी त्या लेकराला "याला काय कळतंय" म्हणून कोपऱ्यात ठेवले नाही. आपल्या वस्त्यांत अशी लेकरे आहेत आणि ती कोपऱ्यात आहेत, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो.

निरोगी बाळाचीही गोष्ट वेगळी नाही. नुकत्या जन्मलेल्या बाळाला साधारण 20 ते 30 सेंटिमीटरवरचे स्पष्ट दिसते. मांडीवरच्या बाळापासून आजीच्या तोंडापर्यंतचे अंतर तेवढेच असते. फिके रंग त्याला उमगत नाहीत, ठळक काळे-पांढरे दिसते. म्हणजे पहिले चित्र आजीचा चेहराच. त्याच्याशेजारी एखादे ठळक चित्र धरले की दुसरे पान झाले. इंग्लंडात 1992 साली बर्मिंगहॅम शहरात सुमारे 300 बाळांच्या घरी पुस्तकांच्या पिशव्या देऊन 'बुकस्टार्ट' नावाची योजना सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्ये सांगितले की, बाळाला जन्मापासून वाचून दाखवा. डॉक्टरने लसीच्या कागदाबरोबर हेही सांगावे, असा त्याचा अर्थ.

यावर आपल्याकडे खरी अडचण वेगळीच आहे. आजीला वाचता येत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे एक तंटा आला. वस्तीतली एक आजी बदलापूरला मोठ्या सोसायटीत धुणीभांडी करते. तिथल्या घरातून टाकून दिलेले एक चित्रांचे पुस्तक तिने नातीसाठी आणले. इंग्रजी. जाड पुठ्ठ्याची पाने, मोठे अस्वल आणि छोटे अस्वल. नात नऊ महिन्यांची. आजी दुपारी कामावरून आली की नातीला मांडीत घेऊन पुस्तक उघडायची आणि स्वतःच्या मनाने गोष्ट सांगायची. मोठे अस्वल म्हणजे अस्वलआजी, ती सकाळच्या गाडीने कामाला जाते, गर्दीत तिला दारात उभे राहावे लागते, शेलूला पाऊस लागतो, आणि येताना ती पिलासाठी जांभळे आणते. रोज गोष्ट थोडी बदलायची.

सून बारावी शिकलेली. तिला ते रुचेना. ती आमच्यापुढे म्हणाली, "काका, तुम्हीच सांगा आत्यांना. पुस्तकात लिहिलंय एक, त्या सांगतात भलतंच. पोरीला इंग्लिश मीडियमला घालायचंय आम्हाला. आत्ताच चुकीचं कानावर पडलं तर पुढं कसं व्हायचं?"

आजी खाली मान घालून बसली होती. म्हणाली, "मला कुठं वाचता येतंय, भाऊ. मी आपली चित्र बघते अन् सांगते. तिचं बी खरं आहे. ठेवलंय मी पुस्तक कपाटावर." मग थोडे थांबून, "पोरगी कपाटाकडं हात करती."

सुनेला हसण्यावारी नेऊ नये. तिच्या बोलण्यात भीती आहे आणि ती भीती शिकलेल्या पहिल्या पिढीची आहे. आपल्या बोलीला शाळेत कोणी हसू नये, आपण जे सोसले ते पोरीला नको, एवढेच तिचे म्हणणे. पण आजीची बाजू अधिक बळकट आहे, असे आम्ही तिथेच सांगितले आणि इथेही लिहितो. 1988 साली अमेरिकेत व्हाइटहर्स्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांवर एक प्रयोग केला. काही आई-बापांना शिकवले की, पुस्तक नुसते वाचत सुटू नका. मुलाला विचारा, हे काय आहे, हा काय करतोय, पुढे काय होईल? मूल जे बोलेल त्यात भर घाला, त्याला शाबासकी द्या. बाकीचे आई-बाप नेहमीप्रमाणे वाचत राहिले. एका महिन्यात पहिल्या गटातली मुले बोलण्यात पुढे गेली. म्हणजे लहान मुलाच्या बाबतीत फळ मिळते ते विचारण्याला, बोलण्याला. त्यासाठी अक्षर ओळखीची अट नाही. तथागतांनी राहुलला पाण्याचे भांडे दाखवून "हे पाहिलेस का" विचारले, ती तीच रीत.

सुनेला हे सगळे पटले असे नाही. पण पुस्तक कपाटावरून खाली आले. रात्री आई छापलेले वाचते, दुपारी आजी आपले सांगते. एकाच पुस्तकाच्या दोन गोष्टी झाल्या. पोरीचे काही नुकसान झाल्याचे अजून दिसलेले नाही.

वांगणीत राहणाऱ्याला हा विषय आणखी एका अंगाने बघावा लागतो. आपल्या गावात शेकडो दृष्टिहीन माणसे राहतात. त्यांतली पुष्कळशी लोकलमध्ये किचेन, पाकिटे, खेळणी विकून संसार करतात. 17 एप्रिल 2021 रोजी वांगणी स्टेशनात काय घडले ते सगळ्या देशाने पाहिले. दृष्टिहीन आईचा सहा वर्षांचा मुलगा फलाटावरून रुळांवर पडला, समोरून गाडी येत होती, आणि मयूर शेळके या पॉइंट्समनने रुळांवरून धावत जाऊन मुलाला वर चढवले. रेल्वेने दिलेल्या बक्षिसातली अर्धी रक्कम त्या मायलेकरांना देण्याचे त्याने जाहीर केले. लोकांनी त्याचे कौतुक केले ते योग्यच. पण त्या दिवशी आमच्या मनात आले, त्या घरांतली डोळस मुले आणि त्यांचे न दिसणारे आई-बाप, आजी-आजे, यांच्या घरात चित्रांचे पुस्तक कसे वाचले जात असेल?

विचारपूस केली तेव्हा एका दृष्टिहीन आजाने सांगितले की, त्याची चार वर्षांची नात त्याला चित्रे वाचून दाखवते. तो पानावर हात ठेवतो आणि विचारतो, "इथं काय आहे?" ती सांगते. "आणि वरती?" ढग. "ढग कसला, पावसाचा का नुसता?" नातीला नीट बघूनच सांगावे लागते, कारण आजा प्रश्न सोडत नाही. व्हाइटहर्स्टचा प्रयोग या आजाने कधी ऐकलेला नाही. त्याला चित्र खरोखरच जाणून घ्यायचे असते, म्हणून तो विचारतो. डोळस माणूस इतके प्रश्न विचारणार नाही, त्याला आळस येईल.

कोणी म्हणेल, पाण्याचे टँकर, गाड्यांची गर्दी, खोलीचे हप्ते, यात हे चोचले कोणाला परवडणार? आम्ही हिशेबाच्या टेबलावरचे माणूस, तेव्हा हिशेबानेच सांगतो. नॅशनल बुक ट्रस्टची, 'प्रथम बुक्स'ची मराठी चित्रपुस्तके बहुतेक 100 रुपयांच्या आत मिळतात. बॅटरीची मोटार त्याच्या चौपट पैशांची असते आणि आठवड्यात मोडते. ज्याच्याकडे मोबाईल आहे त्याला 'प्रथम'च्या 'स्टोरीवीव्हर'वर 2015 पासून मराठी गोष्टी फुकट मिळतात. अर्थात तान्ह्यापुढे मोबाईल धरण्याऐवजी मोठ्यांनी गोष्ट आधी वाचून घ्यावी आणि मग तोंडाने सांगावी, हे बरे.

आणि पुस्तकासाठी पदरमोड करणे आपल्या रक्तात नाही असे कोणी म्हणू नये. सुभेदार रामजी भीमासाठी पुस्तक आणायला लेकीकडे जात, तिचा दागिना गहाण ठेवत आणि पुस्तक घरी आणत. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा केळुस्कर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. आहेरात एक पुस्तक. त्यानंतर 49 वर्षांनी नागपुरात काय घडले ते आपण जाणतो. बाबासाहेबांची आई ते लहान असताना गेली, तेव्हा पाठीने अधू असलेल्या मीराआत्याने त्यांना मायेने वाढवले. बाबासाहेबांवर मुलांसाठी जी पुस्तके निघतात त्यांत पदव्या असतात, सत्याग्रह असतात, राज्यघटना असते. असावीच. पण मीराआत्याच्या कुशीतला लहान भीवा असलेले एखादे पुस्तक दोन वर्षांच्या मुलासाठी कोणी काढील काय? आपल्यात चित्रकार आहेत, जयंतीला वीस फुटी फलक रंगवणारी पोरे आहेत. त्यांनी मनावर घ्यावे.

तोवर आम्ही वस्तीतल्या विहारात एक पत्र्याची पेटी ठेवली आहे. तीसएक पुस्तके आहेत, रविवारच्या वंदनेनंतर ती उघडते. पुस्तक घरी न्यायचे, पुढच्या रविवारी आणायचे. फाटले तर दंड नाही, चिकटपट्टी पेटीतच आहे. सुरुवातीला मुले येत, आता आजे-आज्या येऊन पाने चाळत बसतात. एका आजाने सगळी पुस्तके पाहून विचारले, "यातला एक बी म्हातारा टोपी घालत नाही का रे?"

त्यावरून एका आजीने तोडगा काढला. ती म्हणाली, पुस्तक आपणच शिवू. आपण बाळासाठी वाकळ शिवतोच की. तेव्हापासून कापडी पुस्तकांचे काम चालू झाले आहे. जुन्या सुती साडीच्या वीतभर चौकोनी घड्या, एकावर एक ठेवून मधोमध टाके. प्रत्येक पानावर एकच मोठी वस्तू, बोटांना कळेल अशी. गोणपाटाचा डोंगर, मखमलीचे मांजर, चेन लावलेले लोकलचे दार, उघडले की आतून माणूस बाहेर येतो. दृष्टिहीन आजालाही हाताने वाचता यावे, हा त्यातला हेतू. एक पथ्य पाळावे, बटणे, मणी, घुंगरू तान्ह्याच्या पुस्तकावर लावू नयेत. बाळ सगळे तोंडात घालते आणि सुटलेला मणी घशात अडकतो. पुस्तक धुता आले पाहिजे, म्हणून कच्च्या रंगाचे कापडही नको.

पहिले पुस्तक आठ पानांचे झाले. त्यात वांगणीचा फलाट आहे, नळावरची रांग आहे, पिंपळाचे पान आहे, टोपीवाला आजा आहे. निळ्या कोटाचे पान कोणी शिवायचे यावर दोन आज्यांचा वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. ज्यांच्या घरी निळ्या रंगाच्या जुन्या सुती कापडाचे तुकडे असतील त्यांनी रविवारी वंदनेच्या वेळी घेऊन यावेत.